दादाच्या मूत्रपिंडातली गर्दी

माझ्या नोकरीची दादाला फार गंमत वाटायची. आमच्या पाड्यावरून पदवीपर्यंत गेलेली मी पहिली. बी.एस्सी. झाले, लॅबचा कोर्स केला आणि नाशिकला शरणपूर रस्त्याजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागले, तेव्हा दादा हरसूलच्या बाजारात भेटेल त्याला सांगत सुटला होता, की आमची बाय आता डॉक्टरांच्या बरोबरीनं बसते. पुढे एकदा मी सुट्टीत घरी गेले असताना त्यानं नीट बसून विचारलं, की तू दिवसभर नेमकं करतेस काय. मी सांगितलं. लोकांचं रक्त येतं, लघवी येते. लघवी मशीनमध्ये फिरवायची, खाली बसलेला गाळ काचेवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकातून बघायचा.

"मुताचा गाळ?"

"हो."

"आन् त्याच्यासाठी एवढी वर्सं शाळा?" तो चुलीपाशी बसलेल्या वहिनीकडे वळला. "आगं, हिला आपल्या गोठ्यात बसवली आसती तरी भागलं आसतं की."

वहिनी भाकरी थापता थापता हसली. मीही हसले. त्याला हसायचा हक्क होता. चौथीनंतर त्याची शाळा सुटली आणि भात निघालं की दरवर्षी तो निफाडकडे द्राक्षाच्या बागांवर कामाला जायचा. मी त्र्यंबकला वसतिगृहात राहून शिकले ती त्याच्या त्या कामावर. बा म्हणायचा, पोरीला दहावी पुरे. दादा म्हणायचा, तिला जमतंय तवर जाऊ दे. एवढंच. त्यानं त्याबद्दल कधी जास्त बोलून दाखवलं नाही.

मला त्याच्यासारखं हसता येत नसे, कारण त्या कामाची दुसरी बाजू मला माहीत होती. लॅबच्या आतल्या खोलीला काळा पडदा होता. सकाळी आत जायचं, डोळा भिंगाला लावायचा आणि दुपारपर्यंत कुणाशी बोलण्याचा प्रश्न नसायचा. पंचवटीत एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी मी भाड्यानं राहायचे. त्या चांगल्या होत्या, पण त्यांना कमी ऐकू यायचं. रविवार सगळ्यात अवघड जायचा. मी चालत जुन्या सीबीएस बसस्थानकावर जायचे आणि हरसूलची गाडी लागली की त्यातून कोण उतरतं ते बघत उभी राहायचे. ओळखीचं कुणी उतरलं तर चहा पाजायचे. बहुतेक वेळा कुणी नसायचं.

गावी गेलं तरी फार वेगळं नव्हतं. माझ्या वयाच्या मुलींची दोन-दोन मुलं झाली होती. मी जाऊन बसले की त्यांचं बोलणं थांबायचं. त्या माझ्यासाठी घोंगडी झटकायच्या, जशी पाहुण्यांसाठी झटकतात.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी एका पावसाळ्यात दादा आजारी पडला. आवणीचे दिवस होते. आमच्याकडे भाताची आवणी सावडीनं होते: आज सगळ्यांनी एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या. दिवसभर चिखलात उभं राहायचं. पायांच्या बोटांत चिखल्या झालेल्या असतात, टाचा फुटलेल्या असतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. दादाला ताप आला, पोटऱ्या अशा दुखायला लागल्या की हात लावू देईना. मग डोळे पिवळे झाले. कावीळ समजून भगताकडे नेलं. त्यानं झाडपाला दिला. पण तोवर लघवी बंद होत आली होती आणि तोंड सुजलं होतं. तेव्हा वहिनीनं जीप बोलावली आणि ती त्याला घेऊन थेट माझ्याकडे आली. आई-बा मुलांना आणि अर्ध्या राहिलेल्या आवणीला धरून मागे थांबले.

आमच्या लॅबच्या मालक असलेल्या डॉक्टरबाईंना आम्ही सगळे मॅडम म्हणायचो. त्यांनी ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला आणि दादाला जवळच्या एका दवाखान्यात दाखल करून घेतलं. खर्चाची बाजू त्या दोघांनी कशी सांभाळली हे त्यांनी मला कधी कळू दिलं नाही. आजही त्या दोघांची आठवण निघाली की मी आधी मनातल्या मनात हात जोडते.

डॉक्टरांनी सांगितलं, हा उंदरांच्या मुतातून चिखलात येणारा जंतू आहे, फुटलेल्या कातडीतून आत शिरतो. दोन्ही किडन्या बंद पडल्यात. "मशीनवर रक्त धुऊन घेऊ. पुष्कळांच्या किडन्या परत सुरू होतात."

"आणि नाही झाल्या तर?" मी विचारलं.

"तर आयुष्यभर मशीन. तुमच्या गावाहून आठवड्यातून दोन-तीनदा इथं यावं लागेल. त्याचा विचार आत्ता नको."

पण मी दुसरा कसला विचार करणार होते? पावसात आमच्या पाड्यापर्यंत बैलगाडीसुद्धा यायची नाही.

दादाची लघवी आमच्याच लॅबमध्ये तपासायला आली. जेमतेम बाटलीच्या तळाशी, चहाच्या चोथ्यासारख्या रंगाची. दुसऱ्या कुणी बघण्याआधी मी ती घेतली. भिंगाखाली तपकिरी, मातकट कांड्या दिसल्या. मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांच्या भिंती मरून गळून पडल्या की त्या अशा दिसतात. आणि त्यांच्या भोवती पांढऱ्या पेशी. जिकडे काच सरकवावी तिकडे पांढऱ्या पेशी. अशी गर्दी मी अनोळखी माणसांच्या नमुन्यांत कितीदा पाहिली होती आणि कागदावर खूण करून पुढची काच घेतली होती. त्या दिवशी मला पुढची काच घेता येईना.

मॅडम पडदा सारून आत आल्या. माझ्या खांद्यावरून वाकून त्यांनी एकदा बघितलं.

"घाबरलीस?"

"मॅडम, एवढ्या पेशी... म्हणजे जंतू अजून आतच आहेत ना?"

"जंतू इंजेक्शनांनी बरेचसे मेले असतील. हे त्याच्याच शरीरानं पाठवलेलं सैन्य आहे." त्या बाहेर गेल्या आणि त्यांच्या कॉलेजच्या काळातली जुनी लाकडी पेटी घेऊन आल्या. तीत काचा होत्या. त्यातली एक त्यांनी माझ्यासमोर ठेवली. कुण्या दुसऱ्याच माणसाच्या मूत्रपिंडाचा तो पातळ काप होता. गुलाबी नळ्या, आणि नळ्यांच्या मधल्या जागेत निळे ठिपके दाटीवाटीनं बसलेले.

"या निळ्या पेशी बघ. लघवीत दिसतायत त्या वाहून आलेल्या. खरी गर्दी इथं, नळ्यांच्या मधे. जंतूला मारायला आल्या, आणि मारता मारता नळ्यांचंही नुकसान केलं."

"आपल्याच पेशींनी?"

"आपल्याच. पण म्हणून त्यांना शत्रू म्हणू नकोस. यातल्याच काही भक्षक पेशी मेलेलं सगळं खाऊन जागा साफ करतात. जागा साफ झाल्याशिवाय नळीची नवी भिंत उगवत नाही. बिघडवायलाही त्याच आणि सावरायलाही."

"मग त्या जातात कधी?"

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "काम झालं की जातात. बहुतेकांच्यात जातात. काहींच्यात जात नाहीत, तिथंच ठाण मांडतात, आणि मग तिथं व्रण धरतो. व्रण धरला की ती किडनी परत येत नाही. का जातात आणि का राहतात, ते मला विचारू नकोस. मला ठाऊक नाही."

पुढे बऱ्याच वर्षांनी, दोन हजार सालानंतर, नाशिकमध्येच लॅबवाल्यांसाठी झालेल्या एका व्याख्यानाला मी गेले. तिथं एका पाहुण्यांनी पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं, की भक्षक पेशी आधी भांडतात आणि नंतर आजूबाजूचे संदेश बदलले की स्वतःचा स्वभाव बदलतात, दुरुस्ती करणाऱ्या रसायनांचा मारा करतात. हे कसं घडतं त्याचा शोध अजून चालू आहे. सभागृहात बाकीचे लिहून घेत होते. मला मात्र मॅडमचं ते चष्मा पुसणं दिसत होतं. त्यांना जे ठाऊक नव्हतं ते त्यांनी ठाऊक नाही म्हणून सांगितलं, याचा मला त्या दिवशी फार आधार वाटला होता.

दवाखान्यात दादाला पाणी मोजून मिळायचं. किडनी पाणी बाहेर टाकत नसताना जास्त पाणी दिलं तर ते छातीत भरतं, असं डॉक्टरांनी वहिनीला बजावलं होतं. तिनं घरून आणलेलं पितळी फुलपात्र दाखवून विचारलं होतं, "यानं किती?" त्यांनी सांगितलं, सकाळी एक, संध्याकाळी एक. त्या शब्दावर ती पहाऱ्याला बसली. दादा ओठांवरून जीभ फिरवायचा.

"घोटभर दे गं."

"नाय."

"आगं, मरनाऱ्याच्याबी तोंडात पानी घालत्यात."

"तू मरनार नाय म्हनूनच देत नाय."

मी रोज लॅब सुटली की तिथंच जायचे. खोलीत आम्ही तिघं. वहिनी पाड्यावरच्या गोष्टी सांगायची, दादा डोळे मिटून ऐकायचा. एका संध्याकाळी मी त्याला त्या पेशींबद्दल सांगायचा प्रयत्न केला. लॅबच्या भाषेत सांगता येईना, म्हणून म्हटलं, "दादा, तुझ्या किडनीत सावड आलीय. लय माणसं उतरलीत. आधी त्यांनी जंतू मारले, त्या धावपळीत तुझे बांध तुडवले. आता तीच माणसं बांध घालतायत. काम झालं की आपापल्या घरी जातील."

त्यानं एक डोळा उघडला. "सावड आली तर त्यान्ला जेवायला कोन घालतंय?"

"म्हणजे?"

"माझ्या पोटात धड भाकर नाय. उपाशी मानसं काय बांध घालतील? उद्या चिडून निघून जातील."

"निघून गेली तर बरंच आहे," मी म्हणाले.

"तू कधी सावड घातली नायस ना," तो म्हणाला आणि पुन्हा डोळे मिटले, "म्हनून म्हनतेस. मधीच निघून गेली तर खाचर वाया."

वहिनी तोंडाला पदर लावून हसत होती. मला वाटलं, मॅडमपेक्षा यानं नेमकं सांगितलं.

मशीनवर काही वेळा रक्त धुऊन झालं आणि मग एका सकाळी दादाची लघवी सुरू झाली. आधी थोडी, दुसऱ्या दिवशी पुष्कळ, मग अशी की वहिनीला बाटल्या रिकाम्या करता करता पुरे झालं. सूज उतरली. रक्तातलं क्रिएटिनिन, जे किडनी काम करेनाशी झाली की वाढतं, रोज खाली येत होतं. सलाइन काढलं, लघवीची नळी काढली, त्याला मोठ्या खोलीत हलवलं. आता तो स्वतः उठून संडासात जायला लागला. फेरीवर असताना डॉक्टर वहिनीला म्हणाले, "आता पाणी प्यायला हरकत नाही." नर्सनं विचारलं, पाणी पितात ना? वहिनी म्हणाली, पितात.

आणि मग क्रिएटिनिन पुन्हा वर गेलं.

तो आकडा मशीनमधून मीच काढला. तेच रक्त पुन्हा तपासलं. तोच आकडा. दुसऱ्या दिवशी आणखी वर. मॅडम डॉक्टरांशी फोनवर बोलत होत्या आणि मी दाराशी उभी होते. किडनीच्या आतली सूज ओसरलेली नसावी, असं ते म्हणत असावेत, कारण मॅडम म्हणाल्या, "हो, पेशी राहिल्या असतील तर सुईनं किडनीचा तुकडा काढून बघावाच लागेल." फोन ठेवून त्या माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "तू जेवून घे."

मी जेवले नाही. दवाखान्याकडे निघाले. वाटेत माझ्या डोळ्यासमोर ती लाकडी पेटीतली काच होती. निळे ठिपके, एकमेकांना चिकटून बसलेले, जायला तयार नसलेले. मी त्यांना मनात जा म्हणत होते, जसं कुणी अंगणातल्या माणसांना म्हणतं.

दवाखान्याच्या जिन्यात वहिनी बसलेली दिसली. भिंतीला डोकं टेकलेलं, तोंड पांढरं.

"काय झालं?"

"काय नाय. गरगरलं."

मी तिचा हात धरला. कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. कोर्समध्ये शिकलेलं एवढं मला आठवलं: शरीरात पाणी नाही.

"वहिनी, पाणी कधी प्यालीस?"

"सकाळी. फुलपात्रभर."

"एवढंच? का?"

ती माझ्याकडे असं बघायला लागली, जणू मी कुठल्या परदेशातून आले. "त्यान्ला जेवढं, तेवढंच मला. आपल्याकडं पथ्य एकट्यानं पाळत्यात का? घरच्या बाईनं नाय पाळलं तर लागू पडंल?"

हे मला ठाऊक होतं. भगताचं औषध चालू असलं की आमच्या पाड्यावर घरातली बाईही तेच पथ्य पाळते. तिनं मोडलं तर औषध आजाऱ्याला लागत नाही, असं मानतात. लहानपणी मी आईला तसं उपाशी राहताना पाहिलं होतं. फक्त दवाखान्यात मला ते सुचलं नव्हतं.

"पण आता दादाला पाणी चालतं ना?"

"हरकत नाय म्हनले. हरकत नाय म्हंजे प्यायचं आसं नाय. अजून दोनच देते. सूज परत चढली मंग?"

मी धावत वर गेले. दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता. डोळे खोल गेलेले, जीभ सुकी. किडनी नव्यानं चालायला लागली की ती आधी नुसतं पाणी बाहेर सोडते; राखून ठेवायचं तिला अजून जमत नसतं. तो दिवसभर पाणी बाहेर टाकत होता आणि दोन फुलपात्रांवर जगत होता. तहान लागली का, असं विचारलं तर म्हणाला, "लागलीय. पन ती देत नाय, आन् मी आता मागायचं सोडलंय. ती स्वतः पीत नाय गं."

डॉक्टर आले. ते रागावले नाहीत. त्यांनी दादाला सलाइन लावायला सांगितलं आणि वहिनीला समोर बसवलं. ते काय बोलतील म्हणून तिनं फुलपात्र पदराआड घेतलं. मी मधे बोलले, "सर, तिला पथ्य म्हणून सांगा."

त्यांना लगेच कळलं. "ताई, आजपासून पथ्य बदललं. आता पाणी प्यायचं हेच पथ्य. त्यांनी जेवढं, तेवढंच तुम्ही. कमी प्यालं तर मोडलं."

वहिनीनं पदर सावरला आणि मान हलवली. त्यानंतर तिनं जे आरंभलं त्यानं अख्खी खोली हसत होती. तासातासाला फुलपात्र भरून दादाच्या तोंडाशी.

"आगं, आता बुडवून मारती का काय!"

"गप पी. मी प्याले."

आकडा खाली आला. दुसऱ्या दिवशी आणखी. सुईनं तुकडा काढायची वेळ आली नाही. निळ्या ठिपक्यांचा त्या खेपेला काही दोष नव्हता. मग लघवीच्या गाळात त्या पेशी रोज विरळ होत गेल्या, आणि आपण कुणाच्या तरी जाण्याची इतकी वाट बघतोय याचं मला एकटीला हसू यायचं.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी बजावलं: अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून घेऊन खायच्या नाहीत, चिखलात उतरताना पायाला जखम नको, अधूनमधून रक्त तपासायचं. दादा म्हणाला, मला बायचं हापिस बघायचंय. मी त्याला लॅबमध्ये आणलं. मॅडमच्या पाया पडायला तो वाकला तर त्या मागे सरकल्या. मग मी त्याला आत नेलं आणि भिंगापाशी बसवलं. तो बराच वेळ बघत राहिला.

"काय दिसतंय?"

"काळं काळं हालतंय."

"त्या तुझ्या पापण्या. डोळा थोडा मागं घे."

त्यानं डोळा मागे घेतला नाही, वरच केला. पडद्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. "दिवसभर हितंच?"

"हो."

"एकलीच?"

मी भिंगाखालची काच काढून ठेवली.

"गावाकडं चल म्हनलं आसतं," तो हळू म्हणाला, "पन तिथं तरी तुझ्याशी कोन बोलतंय." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून उठला. त्याला हे दिसलं होतं, कधीपासून कोण जाणे.

दुपारच्या गाडीनं ते दोघे गेले. वहिनीनं खिडकीतून हात हलवला. दादा उतरणाऱ्या-चढणाऱ्यांत जागा करत होता, त्यामुळे त्याचं तोंड दिसलं नाही. मी परत लॅबमध्ये आले. सकाळचं काम साचलं होतं, ते संपवलं.

संध्याकाळी बाहेर पडले आणि विचार न करता दवाखान्याच्या रस्त्याला लागले. रोजची सवय. फाटकाशी आले तेव्हा लक्षात आलं. तिथल्या पहारेकऱ्यानं स्टूल सरकवून मला वाट करून दिली.

"आज उशीर झाला ताई. कोणत्या खोलीत हलवलं त्यांना?"

"नाही, घरी सोडलं. गेले गावाला."

"बरे होऊन?"

"हो. बरे होऊन."

"मग चांगलं झालं की," तो म्हणाला.

"चांगलंच झालं," मी म्हणाले. त्यानं स्टूल पुन्हा जागेवर ओढलं. मी थोडा वेळ फाटकाशी उभी राहिले. मग वळले आणि पंचवटीकडे चालायला लागले.